वाणाला जावई पाहिजे

पहिला अनारसा तुपात हसला आणि दुसरा सोडला तेवढ्यात लाईट गेली.

अनारसा हसला म्हणजे तुपात पडल्या पडल्या विरघळून गेला. यात हसण्यासारखं काय असतं ते मला कधी कळलं नाही. ज्याचा अनारसा हसतो त्याचं तोंड तर नेमकं उलट होतं. नानांचं झालं होतं. एका हातात झारा, कमरेला मुग्धाचा टॉवेल गुंडाळलेला, उन्हासाठी खिडक्यांच्या लाकडी झडपा मिटलेल्या, आणि भर सकाळी स्वयंपाकघरात काळोख.

“लोडशेडिंग?” नानांनी विचारलं. आवाजात चक्क आनंद होता. नाना म्हणजे मुग्धाचे वडील, माझे सासरे. कराडला वीज मंडळातून निवृत्त झालेले. इटलीत पाऊल टाकल्यापासून ते ओळखीचं काहीतरी शोधत होते, ते आता सापडलं.

“नाना, एसी चालू ठेवून शेगडी लावलीत ना?” मुग्धा आतल्या खोलीतून ओरडली. “इथं दोन्ही एकदम चालत नाही. मालकीणबाईंनी काल बजावलंय.”

“म्हणजे मंजूर भारच कमी आहे,” नाना काळोखाला म्हणाले. “वाढवून घ्यायला पाहिजे यांनी. निनादराव, तुम्ही बसा. मीटर कुठं आहे ते मी बघतो.”

“मी जातो ना, नाना.”

“छे छे! जावयानं फ्यूज बघायचा? बसा तुम्ही.”

मी बसलो. लग्न झाल्यापासून मी नानांसमोर बसलेलोच होतो. कराडला मी पाण्याचा तांब्या उचलला तरी घरात धावपळ व्हायची. एकदा मी माझं ताट स्वतः विसळलं, तर माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मुग्धाला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘काही दुखावले का गं ते?’

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. गावाचं नाव लुक्का. इटलीतलं जुनं गाव, सभोवती अख्खी तटबंदी. शत्रू येईल म्हणून लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या बांधली, शत्रू काही आला नाही, मग त्यांनी तटावर झाडं लावली आणि संध्याकाळचे तिथं फिरायला जाऊ लागले. मला हे धोरण फार आवडलं होतं. मुग्धानं तिथं शनिवार-रविवारसाठी एक घर भाड्यानं घेतलं होतं. ती तेव्हा म्युनिकला, मी मिलानला, आणि नाना महिन्याभरासाठी मुलीकडे आलेले. ‘तिघं मस्त आराम करू,’ ती फोनवर म्हणाली. आराम हा शब्द तिनं त्या फोनमध्ये इतक्यांदा वापरला की मला धाप लागली.

कारण आराम हे निमित्त होतं. आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं, आणि ते नानांना सांगायचं होतं. सुंदर गावात सांगितलेली बातमी कमी लागते, असा मुग्धाचा सिद्धांत होता. मी त्यावर काही बोललो नाही. आमच्यात तेच तर चाललं होतं. कुणी कशावर काही बोलत नव्हतं.

शनिवारी न्याहारी, मग फेरफटका, मग एखाद्या कारंज्याजवळ बातमी, असा बेत होता. बेतात अनारसे नव्हते.

पण तो अधिक महिना होता. दर तीनेक वर्षांनी येणारा हा जादा महिना लेकी-जावयांचा. जावई म्हणजे साक्षात विष्णू, म्हणून त्याला तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर पेटता दिवा असं वाण द्यायचं. तेहतीसच का, असं मी एकदा माईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘चौतीस खाल का?’ मागच्या अधिक महिन्यात आमचं लग्न ताजं होतं, पण लॉकडाऊन लागलेला. जावई मिलानमध्ये, अनारसे कराडात. माईंनी फोन भिंतीला टेकवून माझ्या चेहऱ्याला ओवाळलं आणि म्हणाल्या, ‘हे काही खरं नव्हे. पुढच्या खेपेला हातात देईन.’ पुढची खेप यायच्या आत त्या गेल्या.

म्हणून या खेपेला नानांनी शेजारच्या काकूंकडून सगळं शिकून घेतलं. तांदूळ भिजवणं, वाळवणं, कुटणं, गूळ घालून मळणं. पिठाचा गोळा कराडहून विमानानं आणला. सिक्युरिटीतल्या माणसानं तो हातात घेऊन हे काय आहे असं विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, ‘सन-इन-लॉ.’ त्यानं तो जपून परत दिला. तूप म्युनिकच्या लोण्याचं कढवलं. आणि लुक्काला पोचल्या पोचल्या बॅगेतून तांब्याचं ताट आणि पितळी दिवा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, तेव्हा मुग्धानं आणि मी एकमेकांकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी.

लाईट आली. जिन्यात बोलण्याचा आवाज झाला आणि नाना एका माणसाला घेऊन वर आले. पन्नाशीचा, झुबकेदार मिशा, बनियन, हातात टॉर्च. दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांचं चांगलं पटत होतं.

“हा पिएरो,” नाना म्हणाले. “मालकीणबाईंचा जावई. घरजावई आहे बिचारा.”

“हे तुम्हाला त्यानं सांगितलं?”

“नाही. बाई त्याच्यावर ज्या आवाजात खेकसल्या ना, त्यावरून.”

बरोबर होतं. मालकीणबाईंचं नाव सिन्योरा फ्रांका, त्या तळमजल्यावर राहायच्या. पिएरो पिसाचा. पिसा तिथून गाडीनं अर्ध्या तासावर, पण दोन्ही गावांचं शतकानुशतकांचं वाकडं. त्या भागात म्हणच आहे, दारात पिसाचा माणूस येण्यापेक्षा घरात मयत बरी. आदल्या दिवशी किल्ली देताना बाईंनी मला ओळख करून दिली होती ती अशी: ‘मुलगी कामावर गेलीये, हे माझं मांजर, आणि हा पिसाचा.’

नाना पुन्हा तळायला लागले. मुग्धानं मला ओढत बाथरूममध्ये नेलं. त्या घरात कडी तेवढ्याच दाराला होती.

“तू ते वाण घ्यायचं नाहीस.”

“मी मागितलेलं नाही.”

“निनाद, ते दिवा लावून तुझ्या हातात ताट देणार. आईचं नाव काढणार. आणि मग आपण सांगणार, नाना, कागद वकिलाकडे आहेत?”

“मग आधी सांगू.”

“आधी म्हणजे कधी? घाणा सुरू झालाय!”

“वडील तुझे आहेत.”

“म्हणूनच तर. मी सांगितलं तर ते मला काही बोलणार नाहीत. नुसते बघतील. मला ते नाही झेपायचं.” ती टबाच्या काठावर बसली. “तू सांग. तुला ते रागावूही शकत नाहीत. जावई आहेस.”

“हा माझा शेवटचा फायदा आहे.”

“मग वापर.”

ती हसली नाही, रडलीही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “नाकाला तूप लागलंय,” आणि टॉवेलच्या टोकानं पुसलं. आमचं हे असं होतं. आम्ही एकमेकांशी वाईट कधी वागलोच नाही.

बाहेर नानांचा हात बसला होता. खसखशीवर थापलेला एकेक अनारसा तुपात जात होता आणि जाळी पडून, बदामी होऊन वर येत होता. शेवटचा निथळत ठेवून त्यांनी ताटावर बाईंचा फडका झाकला. “वाण दिवेलागणीला. तोवर मला गाव दाखवा,” ते म्हणाले. “आणि कुणी फडका उचलायचा नाही. वाण दिल्याशिवाय देणाऱ्याच्या घरात कुणी चाखत नसतं. माईचा नियम.”

लुक्कात एक उंच बुरूज आहे, त्याच्या माथ्यावर झाडं आहेत. चुकून उगवलेली नाहीत, मुद्दाम लावलेली. मुग्धा म्हणाली तिला उंचीची भीती वाटते, ती खाली चौकात थांबते. लग्नाआधी तिनं मला सिंहगडाच्या कड्यावरून वाकून दरी दाखवली होती. नाना आणि मी जिना चढायला लागलो.

वर गार सावली होती आणि चहूकडे लाल कौलं. नानांनी एका झाडाच्या बुंध्यावर थाप मारली. “इतक्या वर पाणी कोण घालतं यांना?”

“नाना, मला बोलायचंय.”

“बोला की.”

“मी आणि मुग्धा वेगळे होतोय.”

“ते माहितीये. ती म्युनिकला, तुम्ही मिलानला. नोकऱ्या आहेत, चालायचंच.”

“तसं नाही. कायमचे.”

नाना बुंध्याकडे बघत राहिले. त्याच क्षणी एका जर्मन कुटुंबानं माझ्या हातात कॅमेरा दिला. आई, बाप, दोन मुली, चौघं हसत उभे राहिले. मी फोटो काढला. त्यांनी आणखी एक मागितला. मागून नानांचा आवाज आला, “सावली पडतीये त्यांच्या तोंडावर. जरा डावीकडं घ्या.” मी त्यांना डावीकडे घेतलं. ते आभार मानून गेले.

“दुसरं कुणी आहे?” नानांनी विचारलं.

“नाही.”

“तिच्या बाजूनं?”

“नाही हो, नाना.”

“भांडता?”

“भांडत नाही, तेच तर. आम्ही एकमेकांशी इतकं नीट वागतो की घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं. दोघंही पाहुणेच. यजमान कुणीच नाही.”

“हे दोघांनी मिळून ठरवलंत?”

“हो.”

“मग एवढं तरी मिळून केलंत,” नाना म्हणाले. खाली कुठल्याशा चर्चची घंटा वाजायला लागली, ती संपेना. ती थांबल्यावर ते म्हणाले, “आणि अनारसे?”

ते ओरडतील, खाली बसतील, मला काय काय बोलतील, याची मी तयारी करून आलो होतो. याची नव्हती.

“नाना, तसं बघितलं तर अजून सह्या व्हायच्यात. कायद्यानं मी अजून—”

“कायद्यानं वाण देत नाहीत,” नाना म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

मी त्यांच्या मागे उतरत होतो. समोर त्यांचा पिकलेल्या केसांचा भोवरा दिसत होता. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. लग्नानंतर दर रविवारी नानांचा फोन यायचा. ते मिलानचं हवामान विचारायचे आणि मी सांगितलेलं बातम्या ऐकाव्यात तसं लक्ष देऊन ऐकायचे. मग म्हणायचे, ‘ठीक. स्वेटर घाला.’ मुग्धा आता आपली नाही, हे मी कित्येक महिने घोटून घोटून पचवलं होतं. नानांचं काय, याचा विचारच केला नव्हता. जिन्याच्या मधेच कुठंतरी मला कळलं की जो जावई नाही त्याला रविवारी फोन करायला काही कारण उरत नाही.

मुग्धा चौकात एका पायरीवर बसली होती. आमच्याकडे बघितल्यावर तिला कळलं. नाना तिच्या शेजारी बसले.

“काही खाल्लंस का?”

तिनं मान हलवली.

“मग चल.”

तेव्हा ती रडली. नानांनी तिची पर्स मांडीवर घेतली आणि ती रडून होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले. मी जरा लांब उभा राहून एका दुकानातले साबण बघितले. लुक्कात खूप प्रकारचे साबण मिळतात.

“आईला काय वाटलं असतं, नाना?” मुग्धानं नाक पुसत विचारलं.

नानांनी विचार केला. “तिला वाटलं असतं, पीठ जरा सैल झालंय.”

चौकातल्या खानावळीत जेवताना त्यांनी मला काहीच हाक मारली नाही. निनादराव नाही, अहो नाही, काही नाही. मीठ पाहिजे होतं तेव्हा ते ‘मीठ’ म्हणाले, हवेत. मी मीठ दिलं. आजवर त्यांच्यासमोर मी कधी साधं मीठसुद्धा उचलून दिलं नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

“आता त्या वाणाचं काय?” मुग्धा म्हणाली.

“टाकायचं नाही,” नाना म्हणाले. “घरात खायचं नाही. इथं देऊळ असेल?”

“चर्च आहेत,” मी म्हणालो. “पावलागणिक आहेत.”

समोरच्या चर्चच्या शिखरावर पंख पसरलेला एक मोठा देवदूत होता. नानांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. “यांना गूळ चालतो का?”

“विचारावं लागेल.”

“नको. विष्णूचं विष्णूला गेलेलं बरं.”

“पण नाना, नियम काय?” मुग्धानं विचारलं. “आपलाच जावई लागतो?”

“जावई लागतो,” नाना एखादं परिपत्रक आठवावं तसे म्हणाले. “कुणाचा, असं काही...”

“लग्न झालेला प्रत्येक पुरुष कुणाचा तरी जावई असतोच,” मी म्हणालो.

हा विनोद होता. माझे विनोद सहसा कुणी मनावर घेत नाही. नानांनी घेतला. हातातला काटा खाली ठेवून ते म्हणाले, “फ्यूजवाला.”

दिवेलागणीला आम्ही तिघं ताट घेऊन तळमजल्यावर गेलो. नानांनी सदरा बदलला होता. पिएरो शिडीवर चढून दिवाणखान्यातला दिवा दुरुस्त करत होता आणि सिन्योरा फ्रांका खालून त्याच्या चुका सांगत होत्या. नाना म्हणाले, वाण सासूनंच द्यायचं, आपण फक्त ताट पोचवायचं. “मी दिलं तर तो माझा जावई होईल. एक झाला तेवढा पुरे.”

बोलायचं काम माझ्याकडे आलं.

“सिन्योरा, ही आमच्याकडची मिठाई. या महिन्यात सासू ती जावयाला देते.”

“कशाबद्दल?”

“जावई देवासारखा असतो म्हणून.”

बाईंनी मान वर करून शिडीवर बघितलं. मग माझ्याकडे. “हा?”

“हो.”

“अहो, हा पिसाचा आहे!”

मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, “त्यांना म्हणावं, आमचा मिलानचा होता. आम्ही चालवून घेतलं.”

इटालियनमध्ये भूतकाळाचे बरेच प्रकार आहेत. मी वर्तमानकाळ वापरला.

“हे देणार कोण होतं तुमच्याकडे?” बाईंनी नानांना थेट विचारलं. “तुमची बायको?”

मी भाषांतर केलं. नानांनी मान डोलावली. “द्यायचं होतं तिला. राहून गेलं.”

हे मला भाषांतर करावंच लागलं नाही. बाईंनी एप्रनला हात पुसले, दोनदा पुसले, आणि ताट घेतलं. पिएरोला म्हणाल्या, “खाली ये.” तो आला. नानांनी दिवा पेटवून ताटात ठेवला आणि कसं ओवाळायचं ते हातानं दाखवलं. बाईंनी माश्या हाकलाव्यात तसं भराभर ओवाळलं. नाना म्हणाले, “सावकाश.” हा शब्दही त्यांना कळला. त्यांनी पुन्हा ओवाळलं, सावकाश, आणि ताट जावयाच्या हातात दिलं.

पिएरोनं ते दोन्ही हातांनी धरलं. हळूच मला विचारलं, “यात पिसाबद्दल काही आहे का?”

“नाही. फक्त तुमच्याबद्दल आहे.”

त्यानं एक अनारसा उचलून खाल्ला. खसखस सगळी मिशांत गेली. बाई म्हणाल्या, “माणसासारखं खा,” आणि एप्रनच्या टोकानं त्याच्या मिशा पुसल्या. रागानंच पुसल्या. पण तो पन्नाशीचा माणूस डोळे मिटून, हनुवटी पुढे करून, पुसून होईपर्यंत तसाच उभा राहिला. बाईंचं पुसून लवकर होईना.

मला त्याचा असा मत्सर वाटला, की सांगून उपयोग नाही. आयुष्यात दुसऱ्या कुणाचा एवढा वाटलेला नाही. बरोबरीच्यांना बढत्या मिळाल्या, घरं मिळाली, मी ढिम्म होतो. आणि इथं मिशांत खसखस अडकलेल्या एका परक्या माणसाच्या हातातल्या तांब्याच्या ताटावरून माझी नजर हलेना.

पिएरोनं ताट सगळ्यांपुढे फिरवलं. वाण देऊन झालं होतं, आता कुणालाही चालत होतं. मुग्धानं घेतला. मी घेतला. नानांनी घेतला आणि खूप वेळ चावला.

“माईचे जास्त खुसखुशीत व्हायचे.”

“नाही नाना, हेच बरेत,” मुग्धा म्हणाली.

“खोटं बोलू नकोस.”

“बरं. तिचे थोडे जास्त.”

“थोडे?”

“पुष्कळ जास्त!”

दोघं हसायला लागले. बापलेक हसताना अगदी सारखे दिसत होते, दोघांचेही खांदे वर जायचे. मी खिडकीकडे तोंड करून माझा अनारसा संपवला. उत्तम झाला होता. वाईट झाला असता तर सोपं गेलं असतं.

रविवारी आम्ही स्टेशनवर आलो. त्यांची गाडी आधी होती, माझी नंतर. मुग्धा वाटेत प्यायला पाणी आणायला गेली, आणि बाकावर नाना आणि मी राहिलो. मी काहीतरी बोलावं म्हणून हवामानाबद्दल बोललो. नाना ‘हं’ म्हणाले. मी स्वेटरचा विषय काढणार होतो, पण ऑगस्ट होता.

“दिवाळी झाली की माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे,” नाना एकदम म्हणाले.

“मोतीबिंदू?”

“हं. मुग्धाला बोललो नाही अजून. तिला रजा मिळायची नाही, उगाच जीव टांगणीला. साधंच असतं म्हणे, त्याच दिवशी घरी सोडतात. पण नंतर डोळ्यात थेंब घालायला माणूस लागतो. सारखे घालायचे असतात. आपले आपल्याला घालता येत नाहीत. मी पाणी घेऊन करून बघितलं. सगळं कानात जातं.”

“अहो नाना, मग मला नाही का सांगायचं?”

“जावयाला कसं सांगणार?” नाना म्हणाले. “जावयाला असली कामं सांगतात का कुणी? माईनं जीभ चावली असती. तारीख मिळाल्यापासून हाच विचार करतोय, घरात एवढा तरणा माणूस आहे आणि सांगायची सोय नाही.”

त्यांनी चपलेनं फरशीवरचा एक खडा बाजूला सारला.

“आता सोय झाली.”

मी खिशातून तिकीट काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

“हात कर बघू पुढे,” नाना म्हणाले.

“काय?”

“हात रे. स्थिर आहे का बघू दे. थेंब डोळ्यातच पडला पाहिजे.”

मी हात पुढे केला, चिमटीत बाटली धरल्यासारखा. नाना वाकून, मीटरवरचा आकडा वाचावा तसे माझ्या बोटांकडे बघायला लागले.

“थरथरतोय,” ते म्हणाले.

“गाडी येतीये, नाना. प्लॅटफॉर्म हलतोय.”

नानांनी मान वळवून बघितलं. रूळ लांबपर्यंत रिकामे होते. उन्हात एक कबुतर रुळांवरून निवांत चाललं होतं.

“असेल,” नाना म्हणाले, आणि माझा हात खाली येऊ नये म्हणून मनगटापाशी धरून ठेवला.